फाईल पोहोचली, पैसे परत गेले

अंधेरीच्या छोट्या स्टुडिओत बसून कोणी ढोलताशाचे लूप विकतो, मुलुंडची शिक्षिका दहावीच्या भूमितीच्या नोट्स पीडीएफमध्ये विकते, घाटकोपरच्या एखाद्या गाळ्यात मशीनवरच्या भरतकामाच्या डिझाइन फाईली तयार होतात. गोदाम नाही, कुरिअर नाही, उधारी तर नाहीच. त्यामुळे या धंद्यात पैसे बुडत नाहीत, असा समज पक्का बसतो. मग दोन महिन्यांनी पेमेंट गेटवेचा मेल येतो: ग्राहकाने व्यवहारावर हरकत घेतली आहे, रक्कम रोखली आहे, अमुक तारखेच्या आत पुरावे द्या. यालाच चार्जबॅक म्हणतात.

‘ओटीपी टाकून आलेले पैसे परत जात नाहीत.’ सगळ्यांत महागात पडणारा समज हाच. भारतात दिलेल्या कार्डांवर ऑनलाइन खरेदी करताना पासवर्ड किंवा ओटीपीची जादा पडताळणी रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली. त्यामुळे ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ अशी तक्रार आली, तर तिचा भार कार्डसंस्थांच्या नियमांनुसार सहसा ग्राहकाच्या बँकेवर जातो. पण ग्राहक म्हणाला, ‘पैसे मीच भरले, फाईल मात्र मिळाली नाही’, किंवा ‘दाखवली एक, निघाली दुसरीच’, तर ओटीपीचा काही उपयोग नाही. पैसे कोणी भरले एवढंच त्यातून कळतं. माल कसा होता हे कळत नाही.

शिवाय ही सक्ती परदेशात दिलेल्या कार्डांना लागू नाही. न्यू जर्सीतल्या मराठी घराने बोरिवलीच्या डिझायनरकडून लग्नपत्रिकेचा टेम्प्लेट घेतला, तर तिथल्या कार्डावर बहुधा ओटीपी विचारलाच जात नाही. मग ‘मी केलंच नाही’ ही तक्रारही डिझायनरच्याच गळ्यात. दर वेळी यात लबाडी असते असं नाही. दुकानाचं नाव एक, बँकेत नोंदवलेलं नाव दुसरं. खरेदी नवऱ्याने केलेली, स्टेटमेंट बायको बघते. नाव ओळखीचं वाटत नाही, ती बँकेला फोन लावते. स्टेटमेंटवर दुकानाचंच नाव दिसेल अशी सोय गेटवेकडे मागता येते. अर्ध्या तासाचं काम, पण ते करायचं राहूनच जातं.

‘डाउनलोडची नोंद आहे, म्हणजे आपण जिंकलो.’ निकाल गेटवे देत नाही, तो बिचारा टपालवाला. कागद आधी ग्राहकाच्या बँकेकडे जातात, आणि तिथला अधिकारी विचारतो: डाउनलोड करणारा हाच कार्डधारक कशावरून? व्हिसाने एप्रिल २०२३ पासून एक वाट दिली. त्याच ग्राहकाचे किमान १२० दिवसांपूर्वीचे, हरकत न घेतलेले दोन व्यवहार दाखवा. आयपी पत्ता किंवा उपकरणाची ओळख, जोडीला ईमेल किंवा लॉगिनसारखा आणखी एखादा तपशील जुळू द्या, की ‘मी नव्हेच’ हा दावा टिकत नाही. पण परीक्षेच्या तोंडावर एकदाच १९९ रुपयांच्या नोट्स घेणाऱ्याचे जुने व्यवहार आणायचे कुठून? तिथे त्याचा ‘मिळालं, थँक्यू’ असा ईमेलच कामी येतो. म्हणून जुने मेल आणि सर्व्हरवरच्या नोंदी महिन्याभरात पुसू नयेत. कार्डवरची हरकत साधारण १२० दिवसांपर्यंत येऊ शकते.

‘नो रिफंड लिहिलं की काम झालं.’ नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ई-कॉमर्सच्या व्याख्येतच डिजिटल उत्पादनं येतात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळ्या मालाचे पैसे परत करायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. न उघडणारी झिप फाईल हा दोषच. मन बदललं म्हणून पैसे परत द्यायलाच हवेत, असं मात्र हे नियम म्हणत नाहीत.

‘यूपीआयला चार्जबॅक नसतो.’ असतो; दुकानदाराला केलेल्या पेमेंटवर ग्राहक ॲपमधूनच तक्रार करू शकतो. कटकट टाळायला काही जण घरच्या खात्याचा क्यूआर कोड देतात. त्यात वेगळाच धोका आहे. फसवणूक झाल्याची तक्रार १९३० या हेल्पलाइनवर गेली, की पैसे ज्या खात्यांतून फिरले तिथे ते रोखून धरले जातात, आणि कधीकधी अख्खं खातंच गोठतं. मग फाईलचे १९९ राहिले बाजूला, सोसायटीचा मेंटेनन्स आणि मुलाची फी अडकते.

शेवटी सज्जनपणातून होणारी एक चूक. हरकतीचा मेल आला की घाबरून काही जण ग्राहकाला थेट रिफंड देतात. तिकडे चार्जबॅकची प्रक्रिया चालूच असते, तीही रक्कम कापते. रिफंड द्यायचा तर हरकत येण्याआधी. नंतर गेटवेवर दावा मान्य करायचा, वेगळे पैसे पाठवायचे नाहीत. नाहीतर १९९ रुपयांच्या वादात ३९८ जातात, आणि अनेक ठिकाणी वर हरकतीची फी.