मेस्सीची टीम जिथे ६-१ ने हरली, त्या ला पाझमध्ये एकट्याने पहिले तीन दिवस कसे काढायचे?

१ एप्रिल २००९. फुटबॉल वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीची मॅच. एका बाजूला अर्जेंटिना. मैदानात मेस्सी आणि मैदानाबाहेर कोच म्हणून खुद्द मॅराडोना. समोर बोलिव्हिया, ज्यांच्या टीममधल्या एकाचंही नाव आपल्याकडच्या फुटबॉलवेड्या पोराला पटकन सांगता येणार नाही. निकाल लागला ६-१. बोलिव्हियाच्या बाजूने! तारीख बघून कुणाला एप्रिल फूल वाटलं तर त्याची चूक नाही, पण स्कोअर खरा आहे.

ही मॅच झाली ला पाझ शहरात, समुद्रसपाटीपासून ३,६०० मीटरपेक्षा जास्त उंचीवर. अशा उंचीवर पाहुण्या टीमवर अन्याय होतो म्हणून फिफाने २००७ मध्ये २,५०० मीटरच्या वर आंतरराष्ट्रीय मॅच घ्यायला बंदी घातली होती. बोलिव्हियाने आकाशपाताळ एक केलं आणि पुढच्या वर्षी ती बंदी गुंडाळली गेली. गंमत म्हणजे बंदीला विरोध करायला २००८ मध्ये ला पाझमध्ये येऊन खेळलेल्यांमध्ये मॅराडोनाही होता.

आता जरा स्वतःचा विचार करा. त्या खेळाडूंसोबत डॉक्टर होते, फिजिओ होते. तुमच्यासोबत एक सॅक आहे, दोन-तीन विमानं बदलून आलेली झोप आहे आणि बाकी कोणी नाही.

बोलिव्हियाला जाणारे बहुतेक जण सालार दे उयुनीची रील बघून जातात. ते मिठाचं मैदान, पाऊस पडला की आरशासारखं होणारं. त्यासाठी अनेक जण आधी ला पाझला उतरतात. रीलमध्ये मैदान दिसतं, ला पाझची पहिली रात्र दिसत नाही. म्हणून आज त्या रात्रीबद्दल आणि नंतरच्या दोन दिवसांबद्दल.

आधी शहराची रचना समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

ला पाझ म्हणजे एक खोल वाडगा. वाडग्याच्या काठावर सपाट पठार आहे, तिथे एल आल्तो नावाचं वेगळं शहर वसलंय. नावाचा अर्थच 'उंचावरचं'. विमानतळ तिथेच आहे, ४,०६१ मीटरवर. हे जगातलं सर्वात उंचावरचं आंतरराष्ट्रीय विमानतळ. हवा इतकी विरळ की विमानाला उचल घ्यायला जास्त धावावं लागतं, म्हणून धावपट्टी तब्बल ४ किलोमीटरची. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे विमानाचं दार उघडतं तेव्हा तुम्ही जवळपास अडीच कळसूबाईंवर उभे असता, आणि तिथवर एक पाऊलही चढलेले नसता. सगळी गडबड इथेच आहे.

तिथून रस्ता खाली उतरतो. शहराचा मध्य ३,६४० मीटरच्या आसपास, आणि दक्षिणेकडचा कालाकोतो वगैरे भाग त्याहून साधारण ४०० मीटर खाली. श्रीमंत वस्ती खाली, कष्टकऱ्यांची वस्ती वर. मुंबईत वरचा मजला महाग, इथे उलटं. खाली थंडी कमी, वारा कमी आणि श्वास जास्त. पैसेवाल्यांनी हे फार आधी ओळखलं.

बरं, वर गेल्यावर ऑक्सिजन कमी होतो असं आपण सर्रास म्हणतो. पण हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. ला पाझमध्ये तो समुद्रकिनाऱ्यावरच्या दाबाच्या साधारण दोन तृतीयांश भरतो. म्हणजे एका श्वासात तेवढीच छाती फुगते, पण आत हवा कमी जाते. मग शरीर जलद श्वास घ्यायला लागतं. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्ताचं गणित बिघडतं, ते सावरायला मूत्रपिंडं कामाला लागतात. पहिल्या दिवशी सारखं लघवीला जावं लागतं ते यामुळेही. हे सगळं जुळून यायला दोन-तीन दिवस लागतात. तुम्ही रोज दहा किलोमीटर धावणारे असाल तरी तेवढेच लागतात. उलट धावणाऱ्यांना पहिल्या दिवशी बरं वाटतं, ते जोर करतात आणि संध्याकाळी आडवे होतात.

म्हणून शक्य असेल तर थेट ला पाझला उतरूच नका. सांता क्रूझ शहर ४०० मीटरच्या आसपास, कोचाबांबा साधारण २,५५० मीटरवर, सुक्रे २,८०० मीटरवर. सांता क्रूझला उतरून मधल्या एखाद्या शहरात दोन रात्री काढून वर आलात तर निम्मं काम होतं. (जाता जाता, बोलिव्हियाची घटनेतली राजधानी ला पाझ नव्हे, सुक्रे आहे. सरकार मात्र ला पाझमध्ये बसतं. स्पर्धा परीक्षावाल्यांनी नोंद घ्यावी.)

थेट उतरावंच लागलं तर पहिल्या दिवसाचा प्लॅन एकच: काही करायचं नाही. विमानतळावर सॅक घेऊन धावायचं नाही, टॅक्सी घ्यायची, खाली उतरायचं. मुक्काम जितका खालच्या भागात तितका बरा. चौथ्या मजल्यावरची स्वस्त खोली आणि लिफ्ट नाही, असला सौदा इथे करू नका. जेवण हलकं घ्या, पोट सुस्त होतं. दारू नको. झोपेची गोळी तर अजिबात नको, ती श्वास आणखी मंद करते. अ‍ॅसिटाझोलामाइड नावाची गोळी अनेक जण आदल्या दिवसापासून घेतात, पण ती निघण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारूनच. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते त्यांना आवर्जून सांगा.

हॉटेलवाले कोकाच्या पानांचा चहा देतील. बोलिव्हियात तो पूर्ण कायदेशीर आहे, २००९ च्या राज्यघटनेत कोकाच्या पानाला सांस्कृतिक वारसा म्हणून संरक्षण आहे. चव गवती, थोडी तुरट. प्यायला हरकत नाही, पण त्याने त्रास टळतो असं समजून दुसऱ्याच दिवशी डोंगर चढायला जाऊ नका. दोन गोष्टी लक्षात ठेवा. हा चहा प्यायल्यावर ड्रग टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. आणि आठवण म्हणून त्याच्या टी-बॅग भारतात आणायच्या नाहीत. आपल्याकडच्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कोकाचं पान बंदीत बसतं, कस्टमवाल्यांना 'चहा आहे हो' सांगून भागणार नाही.

खोलीत स्वतः काही शिजवायचा बेत असेल तर तोही सोडा. दाब कमी म्हणून पाणी इथे साधारण ८८ अंशांवरच उकळतं. डाळ खदखदताना दिसते पण शिजत नाही, प्रेशर कुकर नसेल तर तासन्‌तास.

आता पहिली रात्र. डोकं ठणकतं, मळमळतं, भूक जाते. त्रास बहुधा उतरल्यावर सहा ते बारा तासांनी सुरू होतो, म्हणजे दुपारी 'मला तर काहीच झालं नाही' म्हणणारा रात्री दोन वाजता उठून बसतो. आणखी एक प्रकार होतो, ज्याने माणूस खरंच घाबरतो. झोपेत श्वास वेगाने चालतो, मग काही सेकंद थांबतोच, आणि आपण दचकून जागे होतो. एकटे असलात की नको ते विचार येतात. पण उंचीवर हे पुष्कळांना होतं आणि तेवढ्याने काही बिघडत नाही. उशी उंच करा, पाणी प्या.

मग काळजी कधी करायची? स्वस्थ बसलेले असतानाही धाप लागते, खोकला थांबत नाही, छातीत घरघर ऐकू येते. म्हणजे फुप्फुसात पाणी साठायला लागलं असू शकतं. किंवा चालताना तोल जातो, बोलणं असंबद्ध होतं. म्हणजे मेंदूला सूज. असे प्रकार कमी होतात, पण झाले की जिवावर बेततात. तोल बघायची साधी पद्धत आहे. फरशीच्या सरळ रेषेवर एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत दहा पावलं चाला. जमलं नाही तर थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं.

आणि इथे एकट्याने फिरण्याचा खरा धोका आहे. लोक चोर-भामट्यांचा विचार करतात. पण मेंदूला सूज येऊ लागली की माणसाची समज जाऊ लागते. आपण असंबद्ध बोलतोय हे आपल्याला कळत नाही, ते समोरच्याला कळतं. ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणतं, 'काय रे, असा काय करतोस?' एकट्याला हे म्हणणारं कोणी नसतं. मग तशी व्यवस्था करावी लागते. हॉटेलच्या काउंटरवर सांगून ठेवा की मी एकटा आलोय किंवा एकटी आलेय, सकाळी नऊपर्यंत खाली दिसले नाही तर दार वाजवा. आणि घरी रोज ठरलेल्या वेळी फोन, मेसेज नाही, फोन. ला पाझ भारताच्या साडेनऊ तास मागे आहे. तिथले सकाळचे आठ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. आईने 'जेवलास का' विचारलं आणि उत्तर भलतंच आलं तर तिला ते हजारो मैलांवरूनही कळेल. फक्त तिच्याकडे हॉटेलचा नंबर देऊन ठेवा, नाहीतर कळून उपयोग काय?

या आजारावर पहिला इलाज खाली उतरणं. पण ला पाझचा भूगोल असा की जवळचं खोल गाव कोरोइको, साधारण १,७०० मीटरवर, आणि तिकडे जाणारा रस्ता आधी ४,६०० मीटरच्या वरची खिंड चढतो. विमानतळही वरच! म्हणून लक्षणं गंभीर असतील तर स्वतःच्या मनाने गाडी करून निघू नका. शहरातल्या हॉस्पिटलमध्ये आधी ऑक्सिजन लावून घ्या, पुढचं त्यांना ठरवू द्या.

रात्र बरी गेली, तर दुसऱ्या दिवशी फिरा, पण उताराने. वरच्या टोकाला गाडीने जायचं आणि चालत खाली यायचं. शहर वाडग्यासारखं असल्याने वाट चुकायची भीती कमी. उतार धरला की मध्यभागी तळाचा मोठा रस्ता लागतो, त्याला एल प्रादो म्हणतात. सागार्नागाच्या चढावर चेटकिणींचा बाजार आहे. तिथे लामाची वाळवलेली भ्रूणं टांगलेली दिसतील. घर बांधताना ती पायात पुरतात, धरणीमातेला म्हणजे पाचामामाला नैवेद्य म्हणून. आपल्याकडे पायाभरणीला नारळ फोडतात, भावना तीच. फोटो काढण्याआधी विचारा, ते त्यांच्या देवाचं दुकान आहे.

प्लासा मुरियोमध्ये संसदेवरचं घड्याळ बघा, ते उलटं फिरतं. २०१४ मध्ये मुद्दाम तसं केलं. दक्षिण गोलार्धात सूर्यघड्याळाची सावली उलट्या दिशेने सरकते, मग आमचं घड्याळ उत्तरेच्या दिशेने का फिरावं, असा सवाल. सिग्नलवर झेब्र्याचा पोशाख घातलेली पोरं नाचत लोकांना रस्ता ओलांडून देतात, हा पालिकेचा उपक्रम २००१ पासून चालू आहे. मिनीबसच्या दारातून एक जण ओरडून थांब्यांची नावं सांगत असतो. सांगली-कोल्हापूरकडं वडापमध्ये बसलेल्याला हे नव्याने शिकवायला नको.

फसवणुकीचा एकच प्रकार ध्यानात ठेवा. साध्या कपड्यातला कोणी 'पोलीस आहे, पासपोर्ट दाखव, गाडीत बस' म्हणाला तर बसायचं नाही. रस्त्यावरची अनोळखी टॅक्सी टाळून हॉटेलकडून मागवा.

तिसऱ्या दिवशी डोकं हलकं झालं असेल तर वर जा, केबल कारने. २०१४ मध्ये पहिली लाल लाइन सुरू झाली, मग पिवळी, मग हिरवी. बोलिव्हियाच्या झेंड्याचे तीन रंग. आज दहा लाइन आहेत, एकूण साधारण ३० किलोमीटर. ही पर्यटकांसाठीची मौज नाही, आपल्या लोकलसारखी रोजची वाहतूक आहे. पूर्वी एल आल्तोतून खाली कामाला येणाऱ्यांचा बराच वेळ वळणावळणाच्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये जायचा. आता ऑफिसला निघालेला माणूस, घेरदार परकर आणि गोल टोपी घातलेली आयमारा बाई आणि तुम्ही एकाच डब्यात समोरासमोर बसता. लाल लाइन दफनभूमीवरून जाते, कबरी इमारतीसारख्या मजल्यांवर रचलेल्या. गुरुवारी किंवा रविवारी गेलात तर वर प्रचंड बाजार भरलेला असतो, जुन्या बुटांपासून गाडीच्या इंजिनापर्यंत. आजूबाजूला फ्रेडी मामानी या वास्तुरचनाकाराच्या धाटणीचे भडक रंगांचे बंगले दिसतील. खालच्यांनी वर बघावं असं काहीतरी वरच्यांनी बांधलंय. समोर इयिमानी शिखर, ६,४३८ मीटर. उन्हाचं क्रीम लावा, थंडी वाजत असली तरी या उंचीवर ऊन कातडी सोलतं. आणि अंधाराआधी खाली या.

एक काम मात्र भारतातून निघण्याआधीचं. ला पाझच्या उंचीवर यलो फीव्हरचा डास नाही, पण भारत सरकार संपूर्ण बोलिव्हियाला त्या तापाचा देश धरतं. लसीचं प्रमाणपत्र नसेल तर परत आल्यावर विमानतळावरून घरी न सोडता सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि तिचं पिवळं कार्ड आता आयुष्यभर चालतं. ते पासपोर्टला रबर लावून ठेवा, चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.