इंग्रजी शब्द, मराठी व्याकरण

माझी माय म्हणते, "मले इंग्रजी येत नाही बाप्पा!" पण रोज तीच सांगते, "सायकलीत हवा भर, स्टेशनावर जा." सायकल, स्टेशन हे तर इंग्रजी शब्द! मी असे शब्द वहीत लिहिले, तेव्हा गंमत दिसली.

इंग्रजीत पुष्कळ सायकल असल्या तर 'सायकल्स' म्हणतात. आपण भिंत-भिंती तसे सायकल-सायकली म्हणतो. घर-घरे तसे टेबल-टेबले. इंग्रजीत 'वर' हा शब्द टेबलाच्या आधी येतो. आपण तो मागे जोडतो, टेबलावर.

इंग्रजीत वस्तूंना लिंग नसते. मराठीत तो ट्रक, ती सायकल, ते स्टेशन. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून सालेकसा स्टेशनावर हिंदी बोलणारे प्रवासी 'हमारा स्टेशन' म्हणतात आणि आपण 'आमचे स्टेशन'. शब्द एकच, पण ज्या घरी गेला त्या घरची रीत पाळतो.

मी मायला म्हटले, "तुले इतके इंग्रजी शब्द येतात, आणि व्याकरण एकदम बरोबर!" माय हसली. म्हणाली, "मंग पुढचे शब्द तू शिकव."

आता रोज संध्याकाळी आम्ही दोघं एकेक शब्द लिहितो. तुम्ही पण घरी विचारून पाहा.