पेटीची किल्ली कुणाकडे?

वाढदिवस असो की घरातल्या मोठ्यांची पुण्यतिथी, आपण बडोद्याची मराठी मंडळी जवळच्या बालगृहात एक वेळचं जेवण देतो. आजोबांच्या पुण्यतिथीला आम्हीही गेलो होतो. मुलं जेवून उठल्यावर गृहमाता म्हणाल्या, "जेवण बरेच जण देतात. गणित शिकवायला मात्र कुणी येत नाही." तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी तिथे जाऊ लागले.

एका रविवारी अकरा वर्षांच्या एका मुलाने शेजारच्याला कंपासपेटी फेकून मारली. मी चिडले. "याला आज खेळायला सोडू नका," असं सांगून घरी आले. पुढच्या रविवारी तो वर्गात आला, पण मान वर करेना. त्याच्या मित्राने हळूच सांगितलं, "दीदी, तुम्ही गेल्यावर त्याला संध्याकाळपर्यंत सामानाच्या खोलीत कोंडलं होतं."

कडी कुणी का लावलेली असेना, सुरुवात माझ्या शब्दाने झाली होती. त्या रात्री मी कायदा वाचायला घेतला.

2015 च्या बाल न्याय कायद्यात शिस्त लावण्यासाठी किंवा सुधारण्यासाठी मुलाला मुद्दाम वेदना देणं, ही शारीरिक शिक्षा मानली आहे. 'त्याच्या भल्यासाठीच मारलं' ही सबब त्यामुळे चालत नाही. कलम 82 प्रमाणे बालगृहातल्या कर्मचाऱ्याचा असा गुन्हा पहिल्यांदा सिद्ध झाला, तर 10,000 रुपये दंड होतो. पुन्हा केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. नोकरी जाऊ शकते आणि पुढे मुलांसोबत थेट काम करायलाही बंदी येऊ शकते. कोंडणं, उपाशी ठेवणं यात मार नसतो. पण मुलाला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक त्रास होईल असं वागवणं कलम 75 खाली क्रूरता ठरू शकतं, आणि संस्था चालवणाऱ्याने किंवा तिथल्या कर्मचाऱ्याने ते केलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

मग मारामारी करणाऱ्या मुलाला आवरायचंच नाही का? आवरायचं. दोघांना वेगळं करायचं, गरज पडली तर हात धरायचा, आणि धोका टळला की सोडायचं. मनोरुग्णालयांना लागू असलेल्या 2017 च्या कायद्यातही हेच तत्त्व आहे: रुग्णाला जखडायचं ते तातडीचा धोका टाळण्यापुरतंच, शिक्षा म्हणून कधीच नाही.

आपल्या घरी बाबा रागावले, तर मूल आजीच्या मागे लपतं. बालगृहातल्या मुलाला अशी आजी नसते. जे रागावतात तेच जेवायला वाढतात आणि रात्री दारही तेच लावतात. म्हणून केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांत सूचनापेटीची सोय आहे. ही पेटी ऑफिसपासून लांब, मुलांच्या खोल्यांजवळ हवी. किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे राहावी, आणि दर आठवड्याला मुलांच्या समितीसमोर पेटी उघडली जावी.

आमच्या बालगृहात पेटी होती, पण ऑफिसच्या दाराशी. किल्ली अधीक्षकांच्या ड्रॉवरमध्ये.

मी अधीक्षकांना भेटले. आधी माझी चूक सांगितली, मग कोंडण्याचं विचारलं. ते आधी वैतागले. "चाळीस मुलं आणि रात्रीला एक माणूस, तुम्हीच सांगा काय करायचं," म्हणाले. त्यांची अडचण खोटी नव्हती. तरी मी नियमाचं पान पुढे ठेवलं आणि समितीलाही लेखी कळवलं. महिन्याभरात पेटी मुलांच्या जिन्यापाशी गेली, किल्ली अध्यक्षांकडे गेली आणि सामानाच्या खोलीची बाहेरची कडी काढून टाकली.

त्या मुलाची मी माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आज भागाकार आहे ना?"

मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी जेवण घेऊन बालगृहात जाल तेव्हा पेटी कुठे आहे आणि तिची किल्ली कुणाकडे असते, एवढं विचारा. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर त्यांना दिसेल असा लिहिलाय का, तेही पाहा. कुठे मारहाण किंवा कोंडणं कानावर आलं, तर तोच नंबर तुम्हीही फिरवू शकता.