म्हादेई : एकट्या नाविकासाठी बांधलेली नौका

शिडाच्या नौकेतून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची पहिली शर्यत 1968 साली सुरू झाली. तीत उतरलेल्या 9 जणांपैकी केवळ रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 312 दिवसांनी फाल्मथ बंदरात परतले आणि त्यांची ‘सुहैली’ ही सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती. तरीही भारतीय नाविकाने भारतीय नौकेतून एकट्याने प्रदक्षिणा करण्यास आणखी 4 दशके जावी लागली, आणि ती घडली याचे मोठे श्रेय ही कल्पना चिकाटीने लावून धरणारे निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांना द्यावे लागते.

नौदलाने निवडलेले कमांडर दिलीप दोंदे प्रथम नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे शिकले आणि नंतर गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस कारखान्यात नौका उभी राहत असताना त्या कामात स्वतः गुंतले. डच आराखड्यावरून, लाकडी गाभ्यावर काचतंतू व इपॉक्सी राळेचे थर चढवून बांधलेली ही 56 फुटी ‘म्हादेई’ फेब्रुवारी 2009 मध्ये नौदलात आली. दोंदे यांचा बांधणीतील हा सहभाग शिडे हाताळण्याच्या सरावाइतकाच मोलाचा मानला पाहिजे, कारण भर समुद्रात बिघाड झाला तर दुरुस्ती करणारा दुसरा कोणी नसतो.

अशा नौकेची रचना नसलेल्या हातांची उणीव भरून काढण्यासाठी केलेली असते. वारा वाढला की शिडाचे क्षेत्रफळ कमी करावे लागते. त्यासाठी पुढचे शीड गुंडाळण्याची यंत्रणा असते आणि शक्य तितके दोर सुकाणूजवळच्या बैठकीपर्यंत आणलेले असतात, जेणेकरून उसळत्या डेकवरून डोलकाठीपर्यंत जाण्याचे प्रसंग कमी व्हावेत. नाविक झोपेच्या छोट्या डुलक्या घेतो तेव्हा दिशा राखण्याचे काम विजेवर चालणारा ऑटोपायलट करतो, किंवा वाऱ्याशी नौकेचा ठरलेला कोन कायम ठेवून सुकाणू वळवणारे वातपाते करते, ज्याला विजेची गरजच नसते.

दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून निघाले आणि 4 बंदरांत थांबून मे 2010 मध्ये परतले. याच नौकेतून नौदलाचेच अधिकारी अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये सुमारे 5 महिन्यांत विनाथांबा प्रदक्षिणा केली. टॉमी पुढे 2022 साली सुरू झालेल्या ‘गोल्डन ग्लोब’ या एकट्याने करायच्या विनाथांबा प्रदक्षिणेच्या शर्यतीत दुसरे आले.

त्याच कारखान्यातील ‘तारिणी’तून लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी 2 ऑक्टोबर 2024 ते 29 मे 2025 या काळात गोव्याहून निघून प्रदक्षिणा पूर्ण केली. दोघांच्या नौकानयनात एक जण विश्रांती घेत असताना दुसरा पहाऱ्यावर असतो, त्यामुळे प्रत्येकाला दिवसाचे कितीतरी तास नौका एकट्यानेच सांभाळावी लागते.