टेकडीवरचा ‘मॅक’

‘मॅकडोनाल्ड’ म्हटलं की बर्गर आठवतो ना? पण त्यातला ‘मॅक’ म्हणजे मुलगा! या शब्दाचा पूर्वज दगडावर कोरलेला बघायचाय? मग आयर्लंडच्या केरी काउंटीत डनमोर हेडची टेकडी चढायला लागा. समोर अटलांटिक, ब्लास्केट बेटं आणि ढकलून देणारा वारा. वर एक उभा दगड दिसेल. लांबून अगदी साधा. जवळ जा. कडेवर आडव्या-तिरक्या रेघा आहेत, तीच ओघम लिपी. साधारण दीड हजार वर्षांपूर्वीची आणि वाचायची खालून वर!

दगड आहे एर्क नावाच्या माणसाचा. पुढे ‘मकी’, म्हणजे ‘मुलाचा’, आणि वडिलांचं नाव. शिवाय ‘डोविनिया’ हे कुळाच्या आदिमातेचं नाव. या द्वीपकल्पाचं आयरिश नाव, कोर्का ग्विना, आजही तिच्यावरूनच आहे. आपल्या कॉलेजच्या फॉर्मवर आईच्या नावाचा रकाना असतो, तो आठवला ना?

समुद्राच्या वाऱ्यापावसात रेघा झिजल्यात. म्हणून खडूने गिरवू नका, स्वतःचं नाव तर मुळीच कोरू नका. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. सावलीत एर्क दिसेल.

आणि हो, हाच नियम आपल्या गडांवरही पाळायचा बरं का!