मीटर म्हणतो बारा व्होल्ट, गाडी म्हणते नाही!

गेल्या सप्टेंबरची गोष्ट. मिशिगनमध्ये घरापासून तीसेक मैलांवर माझी एका सिलिंडरची जुनी मोटरसायकल हायवेच्या कडेला बंद पडली. मागे बायको बसलेली. वीस मिनिटं थांबलो, किक मारली, गाडी सुरू! दहा मैलांवर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा अंधार झाला होता आणि शेजारून ट्रक सुसाट जात होते. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "कारण सापडेपर्यंत मी मागे बसणार नाही."

मी काय केलं? नवा प्लग, नवं कंडेन्सर, नवी कॉइल. तीन शनिवार आणि शंभरेक डॉलर गेले. गाडी तापली की बंद ती बंदच. प्रयोगशाळेत कुणी न मोजता एकामागून एक वस्तू बदलल्या असत्या, तर मीच त्याला झापलं असतं.

ठिणगी येते कुठून?

जुन्या गाड्यांमधली पॉइंटवाली यंत्रणा म्हणजे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा रोजचा वापर. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यातून वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो, क्षेत्र झटकन कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांमध्ये पंधरा-वीस हजार व्होल्ट निर्माण होतात. पॉइंटवर ठिणग्या उडून हा प्रवाह रेंगाळू नये म्हणून कंडेन्सर.

कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. माझ्या कॉइलचा रोध ४ ओहम. १२ व्होल्टला प्रवाह ३ अँपिअर. वाटेत कुठे गंजामुळे फक्त १ ओहम वाढला, तर प्रवाह २.४ अँपिअर होतो. फरक किरकोळ वाटतो, पण ऊर्जा ३६ टक्क्यांनी घटते! त्यात तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्का वाढतो. कॉइल ६० अंशांनी तापली की तिचा रोध ५ ओहमच्या जवळ जातो आणि ऊर्जा निम्म्याच्याही खाली येते. थंड गाडी कशीबशी चालते, गरम गाडी हात टेकते.

प्लग बाहेर काढून बघितला तर ठिणगी दिसत होती. तीही फसवी. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी उडायला उघड्या हवेपेक्षा बराच जास्त व्होल्टेज लागतो.

बाबांचा दिवा

बॅटरी, फ्यूज, चावी, किल स्विच आणि मग कॉइल, अशी विजेची वाट. कॉइलची वायर काढून मी तिच्यावर मीटर लावला, तर १२.३ व्होल्ट. म्हणजे वायरिंग ठीक, असं मी ठरवून टाकलं होतं.

रविवारी सांगलीला फोन केला तेव्हा बाबांनी विचारलं, "अरे, दिवा लावून बघितलास का?" त्यांच्या गॅरेजवाल्याकडे इंडिकेटरचा बल्ब आणि दोन वायरी, एवढंच हत्यार असायचं. माझ्याकडे भारी डिजिटल मीटर! मी मनात हसलो. फोन ठेवल्यावर मात्र ट्यूब पेटली.

डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध साधारण १ कोटी ओहम असतो. त्यातून जवळजवळ प्रवाहच वाहत नाही. प्रवाह नाही, तर गंजलेल्या जोडावर व्होल्टेज पडणार कसा? बंद नळातही पाण्याचा दाब पूर्ण दिसतो, पाइप किती तुंबलाय ते नळ सोडल्यावरच कळतं. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे नळ खरंच सोडतो.

बल्बचं एक टोक कॉइलच्या त्या वायरला, दुसरं इंजिनच्या अर्थला जोडलं. चावी फिरवली. बॅटरीवर थेट लावलेल्या बल्बपेक्षा उजेड चक्क मंद. बल्ब पेटता ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरं कॉइलच्या वायरवर धरलं. वाटेत दीड व्होल्ट गायब! मग एकेक टप्पा मोजला. फ्यूजवर जवळजवळ काही नाही, चावीवर किंचित, किल स्विचवर सव्वा व्होल्ट. उघडला तर आत हिरवट काळा गंज. पॉलिश पेपर आणि कॉन्टॅक्ट क्लीनर, अर्ध्या तासाचं काम.

तुमच्या गाडीसाठी

गाडी गरम झाल्यावर बंद पडली तर आधी टाकीचं झाकण उघडा. हवेचं छिद्र बुजलं असेल तर लक्षणं हुबेहूब हीच असतात. मग दिवा लावा, बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनपर्यंतचा अर्थही तपासा, आणि नवे पार्ट सगळ्यात शेवटी आणा. एका वेळी एकच गोष्ट बदला. ठिणगी तपासताना प्लगचा धातूचा भाग इंजिनला टेकवा, वायर हातात धरू नका आणि आसपास पेट्रोलची वाफ नको.

ऑक्टोबरात पानं लाल झाली तेव्हा ऐंशी मैल फिरून आलो. मागे बायको होती. टूलबॉक्समध्ये मीटर होताच, शेजारी दोन वायरींचा एक बल्बही.