वीस ऑर्क, एक वीकेंड!

टेबलावरच्या लढाईसाठी सैन्य हवं आणि सैन्य रंगवायला वेळ हवा. तोच नाही म्हणून तुमचाही डबा कपाटावर पडलाय? मग खाली काढा! हातभर अंतरावरून झक्कास दिसणारं सैन्य दोन दिवसांत तयार होतं. स्वानुभव आहे...

‘ताई, तुझा तो बिचारा ऑर्क अजून किती वर्षं एकटाच लढणार?’

धाकट्या भावाचा हा टोमणा मी दोन वर्षं ऐकत होते. त्याला कॉलेजात असताना ‘वॉरहॅमर ४०,०००’चं वेड लागलं. या खेळाला ठरलेला पट नसतो. जेवणाचं टेबल हेच रणांगण, अंगठ्याएवढे प्लॅस्टिकचे सैनिक हीच फौज आणि सोबत मूठभर फासे आणि मोजपट्टी. सैनिक मिळतात ते राखाडी आणि सुट्या तुकड्यांत. जोडायचे आपण, रंगवायचेही आपणच! माझ्या वाढदिवसाला त्याने मला वीस ऑर्क दिले. ऑर्क म्हणजे हिरव्या कातडीचे, सुळेवाले, सदा मारामारीला टपलेले दांडगोबा. आमच्या बॉसची आठवण येते म्हणून मला ते लगेच आवडले!

उत्साहाच्या भरात वीसच्या वीस जोडून टाकले. पहिला रंगवायला घेतला. बुबुळं, नखं, बुटाची बक्कल... सगळं अगदी मन लावून. एका ऑर्कला लागले तीन आठवडे. बाकीच्यांचा हिशेब केला तर उरलेल्या एकोणीस जणांना लागणार होते सत्तावन्न आठवडे! डबा गेला कपाटावर.

आणि मग भावाला मास्टर्ससाठी अ‍ॅडमिशन मिळाली. कुठे? नॉटिंगहॅमला! ‘वॉरहॅमर’ काढणारी गेम्स वर्कशॉप ही कंपनी १९७५ मध्ये लंडनला सुरू झाली, पण आज तिचं मुख्यालय नॉटिंगहॅमला आहे. ‘वॉरहॅमर’ आला १९८३ मध्ये आणि त्याचा अंतराळातला अवतार ‘४०,०००’ आला १९८७ मध्ये. थोडक्यात, आमचं ध्यान थेट पंढरीलाच निघालं होतं.

सप्टेंबरातला रविवार. रात्री आठला पुण्याहून मुंबई एअरपोर्टसाठी गाडी येणार होती. शुक्रवारी संध्याकाळी कपड्यांच्या ढिगात बसून तो म्हणाला, ‘जायच्या आधी एक गेम खेळू ना. पण दोन्हीकडचं सैन्य रंगवलेलं हवं. राखाडी चालणार नाही.’

चेष्टेतच म्हणाला. पण नंतर बॅग भरताना एकदम गप्प झाला. मी उठले आणि डबा खाली काढला.

हातभराचा फंडा

आधी स्वतःलाच एक प्रश्न विचारला. हे सैनिक बघणार कोण आणि किती लांबून? खेळताना ते आपल्यापासून हातभर तरी लांब असतात. तिथून दिसतो ठळक रंगांतला फरक, उजेड-सावली, चेहरा आणि सैनिक उभा असतो ती चकती, म्हणजे बेस. बुटाची बक्कल दिसत नाही. माझे तीन आठवडे नेमके तिथेच गेले होते!

दुसरा धडा मिळाला होता पेणला. एका लेखासाठी तिथल्या गणपतीच्या कारखान्यात गेले होते. तिथे एक मूर्ती पूर्ण करून दुसरी घेत नाहीत. अख्ख्या रांगेला अंगाचा रंग, मग अख्ख्या रांगेला पितांबर, मग दागिने. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी आणि तीही मुरलेल्या हाताने. रंग बदलायचा, ब्रश धुवायचा, ‘आता पुढे काय’ असा विचार करायचा, हा सगळा वेळ वाचतो. जगभरचे मिनिएचर रंगवणारेही हेच करतात. मी एकोणीस जणांच्या दोन तुकड्या केल्या, दहा आणि नऊ.

शुक्रवार रात्र : आधी साफसफाई

साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची बारीक रेघ प्लॅस्टिकवर उरते. ती कटरच्या पात्याच्या पाठीने खरवडायची. आळस केलात तर पुढे प्रत्येक रंग त्या रेघेला उठाव देईल. दोन वर्षांची धूळ साबणाच्या पाण्याने धुतली. प्रत्येकाला औषधाच्या बाटलीच्या झाकणावर डबल-साइड टेपने चिकटवलं. आता झाकण धरायचं, सैनिकाला हात लावायचा नाही. बेसवर फेव्हिकॉल फासून चाळलेली वाळू भुरभुरवली आणि रात्रभर वाळू दिली.

आई डोकावून गेली. ‘या वयात भातुकली?’ मी म्हटलं, ‘आई, एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाचं खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचं पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याने पंचेचाळिशी ओलांडली होती!’ ‘त्याला सकाळी लवकर उठायचं नसेल,’ आई म्हणाली. विषय संपला!

शनिवार : काळा, पांढरा आणि जादू

नुसत्या प्लॅस्टिकवर अ‍ॅक्रिलिक रंग नीट धरत नाही, म्हणून आधी प्रायमर. स्प्रे सर्वांत फास्ट, पण हवेत दमटपणा असेल तर थर रव्यासारखा खरखरीत होऊ शकतो. बाल्कनीत रिमझिम चालू होती. नशीब, मी आधी एका फालतू तुकड्यावर मारून बघितला! मग मुकाट्याने काळा प्रायमर ब्रशने लावला. तासभर जास्त गेला, पण टेन्शन गेलं.

वाळल्यावर ड्रायब्रश. हा प्रकार सगळ्यांना जमतो. ब्रश रंगात बुडवायचा आणि जवळजवळ सगळा रंग टिश्यूवर पुसून टाकायचा. उरलेला कोरडा ब्रश सैनिकावरून वरून खाली हलकेच फिरवायचा. रंग फक्त उंचवट्यांना लागतो, खाचा काळ्याच राहतात. आधी राखाडी, मग जरा कमी जागेवर, डोकं-खांद्यांवर जास्त, मळकट पांढरा. ब्रश कुठला? माझा जुना ब्लशचा! मऊ, गोल आणि दाट. कामाला एकदम फिट. अर्ध्या तासात एकोणीस ऑर्क जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोसारखे उभे!

आता खरी जादू. २०१९ मध्ये गेम्स वर्कशॉपने ‘काँट्रास्ट’ नावाचे रंग आणले. २०२२ मध्ये ‘द आर्मी पेंटर’ या डॅनिश कंपनीचे ‘स्पीडपेंट’ आले. हे रंग पातळ आणि पारदर्शक असतात. एकच हात दिला की खाचांमध्ये साचून गडद होतात आणि उंचवट्यांवरून ओघळून फिके पडतात. खालचा पांढरा-काळा त्यातून दिसतो, त्यामुळे सावली आणि उजेड आपोआप! ड्रायब्रश आणि या रंगांच्या जोडगोळीला सध्या ‘स्लॅपचॉप’ म्हणतात. मी सगळ्यांची कातडी हिरवी केली, मग पँटी तपकिरी, मग पट्टे काळपट.

इथे एक घोडचूक केली. एका ऑर्कच्या ढोपरावर रंग अर्धवट वाळलेला असतानाच ‘जरा सारखं करू’ म्हणून परत ब्रश फिरवला. डागच डाग! लक्षात ठेवा, एकदा लावला की हात मागे घ्यायचा. रंग कुठे तळं करून साचला असेल तर तो ओला असतानाच कोरड्या ब्रशच्या टोकाने टिपून घ्यायचा. माझ्या त्या ऑर्कच्या ढोपरावर नंतर चिखल आला. युद्धात चिखल उडतोच की!

हत्यारांना मात्र साधा चंदेरी रंग. साधे रंग पाणी घालून पातळ करायचे आणि एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्यायचे, नाहीतर चेहरेमोहरे बुजतात. रात्री चंदेरीवर ‘नल्न ऑइल’ हा काळा वॉश आणि बेसवर ‘अ‍ॅग्रॅक्स अर्थशेड’ हा तपकिरी वॉश लावला. वॉश म्हणजे खाचांत जाऊन बसणारं रंगीत पाणी. शौकीन मंडळी गमतीने त्याला बाटलीत भरलेलं टॅलेंट म्हणतात. नव्या कोऱ्या चंदेरी कुऱ्हाडी पाच मिनिटांत जुन्या, तेलकट दिसायला लागल्या.

रविवार सकाळ : चेहरा आणि जमीन

शेवटच्या अडीच तासांत फक्त नजर जिथे जाते तिथेच काम केलं. सुळे हस्तिदंती. डोळ्यांत लाल रंगाचा एकेक ठिपका, बुबुळं नाहीत. बेसच्या वाळूवर फिकट मातकट ड्रायब्रश. सगळ्यांत शेवटी बेसची कड काळ्या रंगाने स्वच्छ. फोटोला फ्रेम लावावी तसा फरक पडतो, अगदी सांगते! वरून ब्रशनेच मॅट व्हार्निश, म्हणजे हाताळताना रंग उडत नाही.

शुक्रवारचे अडीच तास, शनिवारचे सहा, रविवारचे अडीच. वाळायची वाट बघणं सोडलं तर एकूण अकरा तास. म्हणजे एका सैनिकाला सुमारे ३५ मिनिटं!

घरातच शोधा!

● वेट पॅलेट : पोळीच्या डब्यात ओले टिश्यू पेपर, त्यावर बेकिंगचा बटर पेपर. झाकण लावलं की पातळ केलेला रंग दुसऱ्या दिवशीही ओला.
● ड्रायब्रश : जुना मेकअप ब्रश. चांगला बारीक ब्रश यात वाया घालवू नका.
● मूठ : औषधाच्या बाटल्यांची झाकणं.
● जमीन : चाळलेली वाळू आणि फेव्हिकॉल. पाचोळा हवा असेल तर उकळून धुतलेली, खडखडीत वाळवलेली चहापत्ती.
● पाणी : दोन भांडी. एक साध्या रंगांचं, दुसरं धातूच्या रंगांचं. नाहीतर चमकी सगळ्यांच्या अंगावर!

ओळखा पाहू!

दुपारी जेवणाचं टेबल रिकामं केलं. वीस ऑर्क रांगेत उभे केले, तीन आठवडेवाला मुद्दाम मधेच. भाऊ समोर येऊन थांबला. काहीच बोलला नाही. नुसता बघत राहिला.

‘यातला तो पहिला कुठला, सांग,’ मी म्हटलं.

त्याने एकावर बोट ठेवलं. चूक. दुसऱ्यावर ठेवलं. तोही चूक! वर ‘हा असणार, किती मेहनत दिसतेय’ म्हणून ज्याचं कौतुक केलं, तो निघाला ढोपराला चिखलवाला. शेवटी एकेक उचलून डोळ्यांजवळ नेला, तेव्हा कुठे बक्कल सापडली.

मग खेळलो. साडेतीन तास. मी सपाटून हरले. मधेच आईने दोघांना भजी आणून दिली आणि तेलकट हातांनी सैनिकांना शिवायचं नाही, असा दमही तिनेच भरला! सहा वाजता भावाने आपलं सैन्य पेटीत भरलं आणि पेटी माझ्या कपाटात ठेवली. ‘सामानाचं वजन आधीच जास्त झालंय. तू सांभाळ. आल्यावर परत खेळू.’

गाडी आली तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशातून एक हिरवं डोकं बाहेर डोकावत होतं. मी बक्कलवाला असेल म्हणून बघितलं. नव्हता. चिखलवाला होता.

तर मंडळी, आता माझ्याकडे एकोणीसच ऑर्क उरलेत. विसावा फॉरेनला सेटल झालाय!